पीक विकावं, बियाणं नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये आमचा अकरा वर्षांचा नातू फुरंगटून बसला होता. साउथॅम्प्टनच्या अ‍ॅकॅडमीत वाढलेला, अवघ्या १९ वर्षांचा टायलर डिबलिंग सुमारे ४ कोटी पौंडांना एव्हर्टनला गेला होता. "आजोबा, नेहमी आपलाच क्लब का विकतो?" त्यानं विचारलं. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे लगेच आकडे सांगायला लागलो. दोन मिनिटं ऐकून तो उठून गेला. विद्यार्थी वर्गातून उठून गेला की चूक बहुतेक वेळा मास्तरांची असते. म्हणून तेच उत्तर इथे पुन्हा, जरा नीट देतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी रविवारी चिखलाचे बूट घेऊन येणारी मुलं आहेत. त्यांनाही ते उपयोगी पडावं.

आधी माझं मत सांगून टाकतो. लहान क्लबनं आपले चांगले खेळाडू विकावेत, आणि त्याची लाज बाळगू नये. मात्र काही गोष्टी कधीच विकू नयेत. त्या कोणत्या, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

विकावेत का? पहिलं कारण साधं आहे. आपल्या सेंट मेरीज मैदानात साधारण ३२ हजार माणसं बसतात, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये ७४ हजारांच्या आसपास. जाहिराती आणि जगभर विकले जाणारे शर्ट यांत तर तुलनाच नको. पगाराच्या शर्यतीत आपण जिंकणार नाही. २००९ साली आपल्या क्लबची मालक कंपनी प्रशासकांच्या हाती गेली होती आणि तिसऱ्या श्रेणीतला हंगाम उणे १० गुणांवरून सुरू करावा लागला होता. त्या वर्षी मंडळाच्या कोजागिरीला आम्ही दूध आटवता आटवता "क्लब राहतो की जातो" यावर बोलत होतो, हे काहींना आठवत असेल.

दुसरं कारण म्हणजे खेळाडू हा तिजोरीतला दागिना नाही. १९९५ च्या बॉसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू एक पैसाही न देता दुसऱ्या क्लबला जाऊ शकतो. लेस्टरच्या आपल्या मित्रमंडळींना हे वेगळं सांगायला नको. २०२१ ची एफए कप फायनल ज्याच्या एकमेव गोलवर लेस्टरनं जिंकली, तो टीलेमन्स २०२३ मध्ये करार संपवून फुकट अ‍ॅस्टन व्हिलाला गेला. त्याच हंगामात लेस्टर खालच्या श्रेणीत उतरलं. वेळेवर न विकणं हीसुद्धा चूकच असते, फक्त तिच्यावर कुणी निषेधाचे फलक धरत नाही.

तिसरं कारण त्या मुलाचं. गॅरेथ बेल इथून टॉटेनहॅमला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. सहा वर्षांनी रेआल माद्रिदनं त्याच्यासाठी जागतिक विक्रमी रक्कम मोजली. त्याला इथे अडवून आपण काय मिळवलं असतं? दोन-चार सुंदर गोल, आणि एका मुलाची कायमची नाराजी.

आता २०१४ चा उन्हाळा आठवा. लॅलाना, लॅम्बर्ट आणि लोव्हरेन लिव्हरपूलला, ल्यूक शॉ मँचेस्टर युनायटेडला, चेंबर्स आर्सेनलला आणि मॅनेजर पोचेतिनो टॉटेनहॅमला गेले. नवे मॅनेजर कूमन यांनी रिकाम्या सराव मैदानाचा फोटो टाकून थट्टा केली होती. सगळ्यांनी आपल्याला बुडालेलं धरलं. पण क्लबकडे यादी तयार होती. टाडिच आला, पेले आला, आणि सादियो माने आला, ज्याला आमच्या मंडळातल्या एक काकू बरेच दिवस साताऱ्याकडचा समजत होत्या. त्या हंगामात आपण सातवे आलो आणि पुढच्या वर्षी सहावे. विक्रीनंतर क्लब वर गेला!

मग तीच रीत पुढे का फसली? २०१५ मध्ये सेल्टिककडून सुमारे १.३ कोटी पौंडांना आणलेला व्हॅन डाइक जानेवारी २०१८ मध्ये ७.५ कोटींना लिव्हरपूलला गेला. बचावपटूसाठी तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. व्यापार म्हणून उत्तम. पण त्याच महिन्यात साधारण १.९ कोटी देऊन आणलेल्या कारियोनं आपल्यासाठी एकही गोल केला नाही, आणि आपण सतराव्या जागेवर कसेबसे तगलो. २०२३ मध्ये तळाला जाऊन उतरलो. वर्षभरानं परत चढलो, तर २०२४-२५ च्या हंगामात अवघे १२ गुण मिळाले आणि सात सामने बाकी असतानाच खाली जाणं नक्की झालं.

हे पाहताना मला माझी आजी आठवते. ज्वारीची काढणी झाली की ती सगळ्यांत भरदार कणसं निवडून बाजूला काढायची. ते दाणे वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत ठेवायची. घरात लग्न असो की आजारपण, बाकीची ज्वारी बाजारात जायची, त्या कणगीला कुणी हात लावायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावातल्या काही घरांना तीही उघडावी लागली. पुढच्या वर्षी पाऊस आला तेव्हा त्यांच्याकडे पेरायला काही नव्हतं.

खेळाडू हे पीक आहे. ते विकायचंच असतं. बियाणं म्हणजे मुलं हेरणारी माणसं, त्यांना घडवणारे प्रशिक्षक, आणि ड्रेसिंग रूममध्ये नव्या पोराच्या खांद्यावर हात ठेवणारे दोन-तीन जुने खेळाडू. माझ्या मते आपल्या क्लबनं पीक विकता विकता हे बियाणंही जाऊ दिलं. २०१४ मध्येच खेळाडू निवडणारा मुख्य माणूस पोचेतिनोच्या मागोमाग टॉटेनहॅमला गेला. त्याची हळहळ फारशी कुणाला वाटली नाही, कारण त्याच्या नावाचा शर्ट कुणी घालत नव्हतं. पुढे मॅनेजर बदलत राहिले, आणि प्रत्येकाला आपापल्या पद्धतीचा संघ हवा होता. आठव्या वर्षापासून या क्लबमध्ये वाढलेला कप्तान वॉर्ड-प्राउजही २०२३ मध्ये वेस्ट हॅमला गेला.

शेजारच्या ब्रायटनकडे बघा. ते आपल्यापेक्षा जास्तच विकतात. पण जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनलनं काइसेदोला मागितलं आणि खुद्द काइसेदोनं जाऊ देण्याची जाहीर विनंती केली, तेव्हा ते "आत्ता नाही" म्हणाले. तो हंगाम त्यांनी सहाव्या क्रमांकावर संपवला, पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत जागा मिळवली, आणि मग उन्हाळ्यात त्याला १० कोटींहून जास्त किमतीला चेल्सीला दिलं. ५० लाखांहून कमी पौंडांत आणलेला मुलगा! कधी विकायचं हे त्यांनी ठरवलं, गिऱ्हाइकानं नाही. माणूस जाण्याआधी त्याच्या जागेचा माणूस शोधून ठेवायचा, हीही त्यांची सवय. त्यांचे मॅनेजर आणि खेळाडू निवडणारेही मोठ्या क्लबांनी नेले, तरी काम चालू राहिलं, कारण ते एका माणसाच्या डोक्यात अडकलेलं नव्हतं.

आता नातवाची बाजू. तो विचारतो, "मग ल टिसिए का नाही गेला?" मॅट ल टिसिए १९८६ पासून २००२ पर्यंत इथेच खेळला. मोठ्या क्लबांची नजर होती, तरी गेला नाही. जुन्या डेल मैदानावरच्या शेवटच्या लीग सामन्यात, मे २००१ मध्ये, आर्सेनलविरुद्ध विजयी गोल त्यानंच केला. त्या दिवशी या शहराला जे मिळालं, त्याची किंमत कुठल्या ताळेबंदात लिहिणार? हे मला मान्य आहे. सगळंच विकाऊ असेल तर क्लब आणि दुकान यांत फरक राहत नाही, आणि दुकानासाठी कुणी पावसात भिजत उभं राहत नाही. पण ल टिसिए स्वतः राहिला. त्याला कुणी डांबून ठेवलं नव्हतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी शिकवत होतो तो विभाग लहान होता. माझ्या हाताखाली एक फार हुशार संशोधक मुलगी होती. तिला एका मोठ्या विद्यापीठातून बोलावणं आलं तेव्हा "आणखी एक वर्ष थांब, हे काम पुरं कर" असा आग्रह मी धरला. कारण कामाचं सांगितलं. खरं तर तिच्या जागी उभं करायला माझ्याकडे कुणी नव्हतं. ती थांबली. ती जागा दुसऱ्याला मिळाली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते अजून टोचतं. आणि मी स्वतः पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या सरांनी एका शब्दानं अडवलं नव्हतं. शिफारसपत्र लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या तुकडीला शिकवायला गेले. त्यांच्याकडे पुढची तुकडी होती.

म्हणून क्लबला माझं सांगणं एवढंच: विका, पण एका उन्हाळ्यात अर्धा संघ नको. आधी बदली माणूस, मग सही. आलेल्या पैशातला ठरलेला वाटा अ‍ॅकॅडमीला, तिथल्या प्रशिक्षकांच्या पगारापासून सुरुवात करून. आणि एखाद्या वॉर्ड-प्राउजला राहायचं असेल, तर त्याला राहता येईल असं करा.

हे सगळं मी नातवाला वाचून दाखवलं. या वेळी तो उठून गेला नाही. "म्हणजे डिबलिंग गेला ते ठीक?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते त्याच्या जागी कोण येतो यावर ठरेल. "मग शनिवारी बघायला जाऊ या," तो म्हणाला. जाणार आहोत. आजीनं चकल्यांचा डबा भरून ठेवलाय.