मुकादमाच्या वहीत बाकी राहते, मंत्र्यांच्या वहीत का नाही?

कपिलधारची कार्तिक पौर्णिमेची यात्रा यंदाही झाली. दिंड्या आल्या, मन्मथस्वामींच्या समाधीपुढं रांगा लागल्या, पुढाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवत आल्या आणि तशाच गेल्या. बातमी दिली, फोटो दिले. बातमीत बसलं नाही ते इथं लिहितोय.

यात्रेचे दिवस आणि टोळ्या निघायचे दिवस एकच. मांजरसुंब्याच्या चौकात एकीकडून दिंड्या येतात, दुसरीकडून ट्रॅक्टर-ट्रक कारखान्याकडं निघतात. वर भांडी, बाजरीची पोती, एखादी शेळी आणि आईला चिकटलेली लेकरं. शाळा नुकतीच दिवाळीनंतर उघडलेली असते आणि पोरगं फडात निघालेलं असतं.

टपरीवर एक मुकादम भेटला. त्याच्याकडं वही होती. प्रत्येक कोयत्यापुढं तीन आकडे : उचल, फेड, बाकी. मी विचारलं, "बाकी राहिली तर?" म्हणाला, "पुढच्या साली फेडायची. नाहीच जमलं तर पोरगं फेडतं. बाकी सुटत नसते, पत्रकार."

मंडळी, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. मंत्र्यांनीही आपल्याकडून उचल घेतलीय. मतांची, टाळ्यांची, हारांची. मग त्यांची बाकी पुढच्या साली का येत नाही?

हिशोब काढू. पहिला आकडा 2019 चा. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, हे विधिमंडळात सांगितलं गेलं. सांगणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहातल्या एकीची! देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पाळीच्या दिवसात खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात संडास नाही, पाणी नाही. ऑपरेशन करून मोकळं व्हावं असं बाईला वाटतं ते यातून.

दुसरा आकडा 2021 चा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला गोपीनाथराव मुंडेंचं नाव दिलेलं आहे. आधी ते कामगार खात्याकडं होतं, मग सामाजिक न्याय खात्याकडं आलं. तेव्हा मंत्री होते आपल्याच परळीचे धनंजय मुंडे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ठरलं की कारखान्यांनी टनामागं 10 रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे. राज्यात चांगल्या हंगामात 10 कोटी टनांच्या घरात ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे 100 कोटी, सरकारचे 100 कोटी. एका हंगामाचे 200 कोटी! त्याच वर्षी संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली. काही सुरूही झाली, भाड्याच्या इमारतींत.

त्यानंतर काय झालं? जून 2022 मध्ये सरकार बदललं. सामाजिक न्याय खातं मुख्यमंत्री शिंदेंनी स्वतःकडं ठेवलं. गर्भपिशव्यांचा आकडा ज्यांनी सभागृहात वाचला, तेच खात्याचे मालक झाले. डिसेंबर 2024 पासून खातं संजय शिरसाट यांच्याकडं आहे. तीन मंत्री झाले. कामगार विचारायला गेला की उत्तर ठरलेलं, "ते आमच्या आधीचं." 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोर्टाने विचारलं ते आपल्या आमदारांनी विचारायला पाहिजे होतं.

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांनी बसून तोडगा काढला. पण का झाली? कोयता बंद ठेवायची धमकी होती म्हणून. कारखान्याचं धुराडं थांबलेलं कुणालाच परवडत नाही. पोरीचं वसतिगृह थांबलं तर मात्र कुणाचंच काही थांबत नाही. फरक एवढाच आहे.

आता कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगतो. "आपल्या जिल्ह्याच्या माणसाला कशाला विचारता?" आपला आहे म्हणूनच विचारतो. "तुम्ही अमक्या समाजाविरुद्ध लिहिता." अरे बाबांनो, फडातल्या खोपीत वंजारी आहे, मराठा आहे, दलित आहे, धनगर आहे, बंजारा आहे. मुकादमाच्या वहीत जातीचा रकाना नाही. तो आपण मतदानाच्या दिवशी काढतो आणि तिथंच हिशोब बुडतो.

म्हणून आजच्या सामाजिक न्याय मंत्र्यांना चार प्रश्न. आधीच्यांची बाकी त्यांच्याच नावावर धरून :

1) 2021 पासून कारखान्यांकडून हंगामवार किती पैसे आले, सरकारने स्वतःचे किती घातले आणि खर्च कशावर झाला?

2) 82 पैकी किती वसतिगृहं चालू आहेत, किती स्वतःच्या इमारतीत आहेत आणि आज तिथं ऊसतोड कामगारांची किती पोरं-पोरी राहतात?

3) बीड जिल्ह्यात किती कोयत्यांची नोंद झाली आणि फडात, रस्त्यात मेलेल्या किती जणांच्या घरी मदत पोचली?

4) त्या 13,861 बायकांकडं पुन्हा कुणी गेलं का? त्यांच्या औषधपाण्याचं काय?

उत्तर भाषणात नको. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आकड्यांत. टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततील. तोवर लावलं तरी चालेल, पाच महिने कमी नाहीत.

आणि आपल्यासाठी एकच. पुढच्या कार्तिकीला कपिलधारला जो पुढारी येईल, त्याला माउलीचं दर्शन घेऊ द्या, हारही घाला. फक्त तो गाडीत बसायच्या आधी एवढं विचारा : "साहेब, मागची बाकी?"