स्मृतिभ्रंश आणि जनुकोपचार : आशा किती धरावी?

'स्मृतिभ्रंशावर जनुकोपचार' असा मथळा वृत्तपत्रात झळकला, की ज्या घरात आईने पोटच्या मुलालाच "आपण कोण?" असे विचारलेले असते, त्या घरात आशा पालवते. ही आशा निराधार नाही. मात्र तिचे मोजमाप करावयाचे असेल, तर यशाच्या मथळ्यांपेक्षा एका फसलेल्या प्रयोगाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या प्रयोगाचे मूळ रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या इटालियन शास्त्रज्ञ विदुषीच्या संशोधनात आहे. ज्यू असल्यामुळे विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा तिने घरातील शयनगृहातच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांच्या चेतापेशींचा अभ्यास चालू ठेवला. पुढे अमेरिकेत तिने व स्टॅन्ली कोहेन यांनी चेतापेशींची वाढ घडवणारे प्रथिन शोधून काढले. हे प्रथिन म्हणजे चेतापेशींचे जणू खतपाणीच! या संशोधनाबद्दल १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अल्झायमरच्या आजारात स्मरणाशी संबंधित चेतापेशी सुकत जातात. त्यांना हे खतपाणी द्यावे, ही कल्पना सरळ होती. परंतु रक्तातून दिलेले प्रथिन मेंदूत शिरत नाही, आणि मेंदूभोवतीच्या द्रवात सोडले तर वेदना व वजनात घट असे त्रास होतात. म्हणून प्रथिनाऐवजी ते तयार करणारे जनुकच मेंदूत नेमक्या जागी पोचवावे, असा विचार पुढे आला. सॅन दिएगो येथे मार्क तुझिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली रुग्णाच्याच त्वचेतील पेशींत हे जनुक घालून त्या पेशी मेंदूत सोडल्या. या पहिल्या प्रयोगात आठ रुग्ण होते. शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण भूल न दिलेल्या दोन रुग्णांनी हालचाल केल्याने मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांतील एकाचा पुढे मृत्यू झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ऱ्हासाचा वेग मंदावल्याचे म्हटले होते. पण तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता, ही त्यातली मोठी उणीव होती.

पुढील चाचणीत निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून जनुक पाठवण्यात आले. ४९ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या कवटीला केवळ अर्धवट छिद्र पाडले. जनुक दिलेच नाही. ही गोष्ट क्रूर वाटेल, तरीही ती आवश्यकच मानली पाहिजे. आप्तांच्या डोळ्यांना सुधारणा दिसावीशी वाटते, आणि तिथेच फसगत होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

गोष्ट येथेच संपली असती, तर एक चांगली कल्पना निकालात निघाली असती. परंतु मृत्यूनंतर काही रुग्णांचे मेंदू तपासले गेले. २०२० साली कळले, की प्रथिन तयार होत होते. मात्र ज्या चेतापेशींसाठी ते होते, तेथपर्यंत ते पोचलेच नव्हते. पाटाला पाणी सोडावे आणि वाफा कोरडाच राहावा, तसे झाले. म्हणजे कल्पना खोटी ठरली नाही आणि खरीही ठरली नाही. तिची परीक्षाच झाली नाही. हे समजू शकले ते मृतांचे मेंदू तपासणीसाठी मिळाले म्हणून. त्या देणगीचा उल्लेख मथळ्यांत क्वचितच येतो.

२०२१ साली त्याच संशोधकांनी मेंदूतच निर्माण होणाऱ्या दुसऱ्या एका पोषक प्रथिनाच्या जनुकाची चाचणी जाहीर केली. या वेळी द्रव कोठवर पसरतो, हे प्रतिमा घेऊन पाहण्याची सोय ठेवली आहे. उपचार घेणारे रुग्ण केवळ बारा, आणि पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. तेव्हा मेंदूत जनुक घालून गेलेली स्मृती परत आणून देतो, असे सांगणारा कोणीही आज खरे बोलत नाही. मेलेली पेशी प्रथिनाने जिवंत होत नाही; जगलेली वाचवणे, एवढेच त्याचे सामर्थ्य असू शकते.

संमतीचा प्रश्नही येथूनच उद्भवतो. कवटीला छिद्र पाडण्यास होकार द्यायचा, तर धोका समजण्याइतकी बुद्धी शाबूत हवी. म्हणूनच रुग्णाचा शब्द आजाराच्या आरंभीच घ्यावा. नंतर मुलांनी त्याच्या वतीने दिलेला होकार कितीही प्रेमाचा असला, तरी तो त्याचा स्वतःचा नसतो.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत २०१९ साली लहान मुलांच्या एका स्नायुविकारावरील जनुकोपचाराची किंमत २० लाख डॉलरांहून अधिक ठेवली गेली होती. अशी किंमत येथील किती घरांना पेलेल? आणि उद्या उपचार स्वस्त झाला, तरी तो चेतापेशी शिल्लक असतानाच मिळायला हवा. आपल्याकडे मात्र "वय झाले, आता विसरायचेच" असे म्हणून वर्षे निघून जातात. जिल्हा रुग्णालयांत स्मृतीच्या तपासणीची सोय आजच व्हावी, ही मागणी जनुकोपचाराची वाट पाहणाऱ्यांनीच सर्वांत आधी करायला हवी.