गाव विचारा, पण वाट अडवू नका

नगरपरिषदेची निवडणूक आली की आमच्या बाजारात उमेदवाराच्या कामाआधी त्याच्या गावाची चौकशी होते. "तो घाटावरचा. इथं दुकान टाकलं म्हणून काय रत्नागिरीकर झाला?" किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. आता ऐकवत नाही.

कोकणाने तरी हा प्रश्न विचारू नये. माझे दोन्ही काका मुंबईला गिरणीत लागले, लालबागला दाटीवाटीच्या खोलीत राहिले. त्यांच्या मनीऑर्डरीवर आमच्या घराला कौलं चढली. मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉ. अशोक वराडकर परदेशी स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा 'आपला माणूस' म्हणून आपण किती मिरवलो!

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. नेते छगन भुजबळ मूळचे नाशिकचे. लहानपणीच आईवडील गेले. मुंबईत वाढले, भायखळ्याच्या मंडईत भाजी विकली. १९७३ मध्ये ते नगरसेवक झाले, १९८५ मध्ये मुंबईचे महापौर आणि १९९९ मध्ये राज्याचे उपमुख्यमंत्री. पुढे गंभीर आरोप झाले, २०१६ मध्ये अटक झाली, दोन वर्षांनी जामीन मिळाला. त्या कारभाराचा जाब कुणी विचारला तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण बाहेरून आलेल्या भाजीवाल्या पोराने महापौर व्हायलाच नको होतं, असं कुणी म्हटलं तर मुळीच नाही.

माझ्या शेजारचा भाजीवाला कोल्हापूरकडचा. पावसात आंबा घाटात दरड आली की त्याचा माल अडकतो. कुठलं गटार तुंबलंय, कुठल्या आळीत नळाला पाणी नाही, कुणाच्या घरी पगार थकलाय, हे त्याला गिऱ्हाइकांकडून रोज कळतं. अडल्यानडल्याला तो उधारीही देतो. त्याची मुलं इथल्याच शाळेत शिकली. नगरपरिषदेला उभं राहायला शहराच्या मतदार यादीत नाव लागतं. सात पिढ्यांचा सातबारा लागत नाही.

पक्षांनी अशा माणसांकडे केवळ वर्गणी मागायला जाऊ नये, तिकीटही द्यावं. उद्या माझा शेजारी उभा राहिला तर मी त्याला पाण्याचं विचारीन, कचऱ्याचं विचारीन, निधी कुठे खर्च करणार ते विचारीन. उत्तरं पटली, तर माझं मत त्याला.