यंत्राची बुद्धी वाढेल, शीलाचे काय?

यंत्र माणसापेक्षा हुशार झाले तर काय होईल, हा प्रश्न आता विज्ञानकथेपुरता उरलेला नाही. ब्रिटिश गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९६५ मध्येच तो मांडला होता. माणसाहून बुद्धिमान यंत्र स्वतःपेक्षा सरस यंत्र घडवेल, म्हणून असे पहिले यंत्र हा माणसाला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र ते यंत्र माणसाच्या ताब्यात राहिले तरच, ही अटही त्यांनी घातली होती. आज बड्या कंपन्या या 'महाबुद्धिमत्ते'साठी अब्जावधी डॉलर ओतत आहेत आणि ती अट मागे पडत चालली आहे.

या तंत्रज्ञानाकडून असलेली आशा खोटी नाही. 'अल्फाफोल्ड' या प्रणालीने सुमारे २० कोटी प्रथिनांच्या रचनांचे अंदाज जगापुढे खुले केले. पूर्वी एकेका रचनेसाठी संशोधकांची वर्षे खर्ची पडत. या कामासाठी डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जेफ्री हिंटन मात्र सतत धोक्याचा इशारा देत आहेत. महाबुद्धिमत्ता सुरक्षित असल्याबद्दल शास्त्रज्ञांचे व्यापक एकमत आणि जनतेचा भक्कम पाठिंबा मिळेपर्यंत ती बनवण्यावर बंदी घाला, अशी मागणी करणाऱ्या ऑक्टोबर २०२५ च्या निवेदनावर त्यांचीही सही आहे.

ही भीती कशाची? तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २०१४ च्या 'सुपरइंटेलिजन्स' या पुस्तकात सांगितले की, बुद्धी आणि उद्दिष्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धी वाढली म्हणजे हेतू चांगला होतोच असे नाही. आपल्याला हे नवे नाही. केवळ प्रज्ञा पुरेशी नाही, तिला शीलाची आणि करुणेची जोड हवी, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ठामपणे मांडले आहे. ज्ञानाची मक्तेदारी होती, पण करुणा नव्हती, अशा व्यवस्थेने माणसांचे काय केले, हे आपल्या पूर्वजांनी सोसले आहे.

म्हणूनच यंत्राला 'मानवी मूल्ये' शिकवू, असे कोणी म्हटले की आपण विचारले पाहिजे: कोणत्या माणसांची मूल्ये? ही यंत्रे माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर शिकतात. त्या मजकुरात जात आहे. आजच्या भाषा-मॉडेलांच्या उत्तरांत जातीचे पूर्वग्रह उतरतात, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. उद्या नोकरी, कर्ज, शिष्यवृत्तीचे निर्णय अशा यंत्रांकडे गेले, तर नकार कोणी दिला हेही कळणार नाही.

आणखी एक प्रश्न खास आपल्यासाठी आहे. 'यंत्राला आत्मा नाही, म्हणून त्याला जाणीव असणे शक्य नाही', असे अनेकजण म्हणतात. आपल्याला हा युक्तिवाद करता येणार नाही, कारण तथागतांनी आत्माच नाकारला. विज्ञान, म्हणजे जाणीव, कारणांमुळे उत्पन्न होते, हे धम्माचे म्हणणे आहे. ती कारणे यंत्रात जुळतील का, त्याला वेदना होईल का, हे तपासूनच ठरवावे लागेल. आज यंत्र 'मला दुःख होते' असे लिहिते, एवढा पुरावा पुरत नाही. तसेच यंत्रात मन उतरवून अमर होण्याची स्वप्ने विकणाऱ्यांना अनित्यता आणि तृष्णा या दोन शब्दांत उत्तर देता येते.

मग आपण काय करायचे? घाबरून दूर राहायचे नाही आणि भुलून पूजाही करायची नाही. आपल्या मुलामुलींनी गणित, संगणकशास्त्र आणि कायदा शिकावा. विहारातल्या अभ्यासवर्गात हा विषय घ्यावा. सरकारी निर्णयात यंत्र वापरले असेल, तर ते जाहीर करावे, त्याची जातीच्या अंगाने तपासणी व्हावी आणि त्याविरुद्ध माणसाकडे दाद मागता यावी, ही मागणी आत्ताच लावून धरावी. नियम लिहिले जात असताना आपण तिथे नसलो, तर काय होते, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

जय भीम!