नंबर वाचता येतो, मन नाही

गेल्या महिन्यात कामानिमित्त तंजावरला जाणे झाले. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांतून फिरलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मधून वाहणारे पाट आणि गावोगावी जुनी देवळे. अशाच एका देवळाच्या बंद दाराशी मद्रास रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदार भेटले.

‘‘मूर्ती इथे नाहीत साहेब. चोरांच्या भीतीने तिरुवारूरच्या सुरक्षा केंद्रात नेऊन ठेवल्यात,’’ ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, ‘‘ज्याच्याकडे सापडते तो म्हणतो, चोरीची आहे हे मला ठाऊकच नव्हते. आता याला काय करायचे?’’

परतताना तो प्रश्न डोक्यात राहिला. मूर्तीच्या जागी बंदूक ठेवली तर हाच प्रश्न आपल्या दारात येतो.

याच भागातल्या पाथूर गावात 1976 साली खोदकाम करताना एका मजुराला नटराजाची कांस्यमूर्ती सापडली. हातोहात विकली जात ती लंडनला पोहोचली. 1982 साली एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. विकणाऱ्याने मूर्तीचा खोटा इतिहास सांगितला होता. ब्रिटिश पोलिसांनी मूर्ती ताब्यात घेतली, खटला चालला आणि 1991 साली नटराज भारतात परतला. पण तो दिवाणी दावा होता. प्रश्न मालकी कोणाची एवढाच होता. वस्तू परत मिळवायला घेणाऱ्याचे मन उघडून पाहावे लागत नाही. त्याला तुरुंगात पाठवायचे असेल तर मात्र पाहावे लागते.

बंदुकीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली गुणवंतलाल खटल्यात हे स्पष्ट केले. शस्त्र ताब्यात असणे म्हणजे ते आहे याची जाणीव असणे आणि त्यावर आपला अंमल असणे. ते प्रत्यक्ष हातातच हवे असे नाही. 1994 साली संजय दत्त प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘टाडा’च्या संदर्भातही जाणीवपूर्वक ताबा हाच अर्थ धरला. चोरीच्या मालाबद्दल कायदा आणखी एक पायरी मागतो : माल चोरीचा आहे हे माहीत होते, किंवा तसे मानायला पुरेसे कारण होते. म्हणजे चोरीच्या बंदुकीत दोन गोष्टी सिद्ध करायच्या. बंदूक आपल्याकडे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि ती चोरीची आहे हेही.

आमच्यातले काही जण चिडून म्हणतात, ‘ठाऊक होते’ ही अट काढूनच टाका. मला ते मान्य नाही. निवृत्त जवानाच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेले एक काडतूस विमानतळावर सापडते आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. अशी अनेक प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली आहेत, ती याच अटीच्या आधारावर. ती अट उद्या तुमच्या-माझ्या कामी येईल.

मग चोर सुटणार का? तसे नाही. मन दिसत नसले तरी मनाच्या खुणा दिसतात. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा हिशेब देता येत नाही, त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. बंदुकीवरचा नंबर घासलेला असेल तर शस्त्र कायद्याचे कलम 8 सरळ गृहीत धरते की तो ताबेदारानेच घासला. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. मातीमोल किंमत, बिनपावतीचा व्यवहार, कौलाखाली लपवलेले शस्त्र, दर वेळी बदलणारी कहाणी, हे सगळे जोडले की ‘मला ठाऊक नव्हते’ लंगडे पडते.

पण या साखळीची पहिली कडी चोराच्या हातात नसते, मालकाच्या हातात असते. बंदूक चोरीची आहे हेच आधी कागदावर ठरलेले नसेल, तर पुढचे सगळे हवेत. खडकवासल्याला कॅडेट असताना रायफलचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा असे. तेव्हा तो छळ वाटे. कोतमध्ये रोज शस्त्रे मोजली जातात, नंबर ताडून पाहिले जातात. त्या कंटाळवाण्या नोंदीमुळेच चोरी त्याच दिवशी कळते.

निवृत्तीनंतर परवान्याची बंदूक घरी ठेवणाऱ्या माझ्या मित्रांना म्हणूनच सांगणे आहे. नंबर वहीत लिहून ठेवा, काडतुसे मोजा, प्रवासाची बॅग उलटी करून झटका. बंदूक गेली तर ‘घरच्या कोणी हलवली असेल’ म्हणत आठवडा घालवू नका, त्याच दिवशी पोलिसात कळवा. लाजेपोटी लपवलेली चोरी म्हणजे चोराच्या हाती दिलेली सबब.

सुभेदारसाहेबांनी निरोप घेताना खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. देवळातल्या प्रत्येक मूर्तीची उंची आणि खुणा त्यांनी स्वतः मोजून तमिळमध्ये लिहून ठेवल्या होत्या. मला तमिळ वाचता येत नाही. आकडे तेवढे वाचता आले, आणि ते पुरेसे होते.