एकस्तर वेतनश्रेणी सफाई कामगाराला का नाही?

गडचिरोलीचे सिरोंचा तेलंगणाच्या, तर भामरागड छत्तीसगडच्या सीमेवर. आदिवासी व नक्षलग्रस्त भागात कर्मचारी टिकावेत म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वरिष्ठ वेतनश्रेणी दिली. गट अ ते गट ड, सर्वांना. पण रुग्णालयातला सफाई कामगार कंत्राटदाराकडचा असेल, तर तो शासनाचा कर्मचारीच ठरत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अडकतात डॉक्टरही आणि सफाई कामगारही, प्रोत्साहन एकालाच. कंत्राट बदलले की जैविक कचरा वेगळा करायला शिकलेला माणूस जातो, नवखा येतो. वर 'माणसे टिकत नाहीत' ही तक्रार! हे काम ठरावीक जातींचे, ते कितीही कमी पैशांत करतील, हे गृहीतक यामागे आहे. पदे कायम करायची नसतील, तर निविदेत दुर्गम भागाचा वाढीव दर तरी लिहा.