जानुशूल आणि सायकलची सीट

सायकल चालविणाऱ्या रुग्णाचा गुडघा दुखू लागला की त्याला संधिगतवाताच्या रांगेत बसविण्याची आपल्याकडे घाई होते. योगराज गुग्गुळ, निर्गुंडी तेल, क्वचित जानुबस्ती आणि शेवटी ‘सायकल बंद करा’ हा सल्ला. या रिवाजाबद्दल आमचे काही म्हणणे आहे व ते व्यवसायबंधूंपुढे आणि औषधी विक्रेत्यांपुढे स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. अशा रुग्णांपैकी अनेकांच्या बाबतीत हेतू आहारात वा वयात नसून सायकलीच्या सीटमध्ये असतो आणि तो दूर करण्यास खलबत्ता नव्हे, पाना लागतो.

संक्षेपाने चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे सुश्रुताचार्यांचे प्रतिपादन आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. चरकाचार्यांनी शारीर कर्माच्या मिथ्यायोगात विषम अंगविन्यासाचा अंतर्भाव केला आहे. असे असता सायकलीवरील अंगविन्यास तपासण्याचे आपल्याला सुचू नये, हे नवल आहे. मिनिटाला ८० फेरे या गतीने पायडल मारणाऱ्याचा प्रत्येक गुडघा तासाभरात ४,८०० वेळा वाकतो आणि उलगडतो. जानु हे वैकल्यकर संधिमर्म. त्यावर इतक्या वेळा चुकीच्या कोनातून भार पडत राहिला, तर रात्रीच्या अभ्यंगाने त्याची भरपाई कशी व्हावी?

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे सीट खाली असणे. सिग्नलला थांबताना दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत म्हणून ती खाली ठेवली जाते. दुकानदारही बहुधा तशीच लावून देतो. परिणामी जोर लावण्याच्या क्षणी गुडघा अवाजवी वाकलेला राहतो, वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि गुडघ्याच्या पुढील भागात शूल उत्पन्न होतो. याउलट सीट फार उंच असेल तर पाय प्रत्येक फेऱ्यात ताणला जातो, कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि वेदना गुडघ्याच्या मागे जाणवते. बाजूच्या वेदनेत पाऊल पायडलवर आत वा बाहेर वळलेले तर नाही ना, हे पाहावे. क्लीट लावलेले बूट वापरणाऱ्यांत हे विशेषत्वाने पाहावे. म्हणजे वेदनेचे स्थान विचारताच निम्मी परीक्षा होते.

उरलेली परीक्षा चिकित्सालयाच्या दारात होऊ शकते. रुग्णास सायकल घेऊन बोलवावे, ती भिंतीला टेकवून नेहमीच्या चपला-बुटांसह त्यास सीटवर बसवावे आणि पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवण्यास सांगावे. कंबर न झुकवता पाय या स्थितीत जेमतेम सरळ व्हावा. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट खाली आहे. टाच पोहोचत नसेल तर वर आहे. नंतर चवडा पायडलवर आणला की गुडघ्यात थोडा बाक येतो. गोनिओमीटर असल्यास हा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान आहे का, ते मोजावे. फेरफार एका वेळी ५ मिलिमीटरहून अधिक करू नये व दुसरा बदल करण्यापूर्वी चार-सहा दिवस जाऊ द्यावेत. सीटच्या दांडीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्यापलीकडे दांडी ओढणे धोक्याचे आहे.

सीटची मागे-पुढे स्थिती पाहण्यास गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोन्ही पायडल आडवे करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला दोरा पायडलच्या आसाजवळून जावा असा संकेत आहे. हा संकेत म्हणजे सिद्धांत नव्हे, आरंभ करण्यापुरती सोय आहे. रुग्णाला जे मानवेल ते प्रमाण.

सीट वर केल्यास रुग्ण घाबरतो, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. एका बँक अधिकाऱ्याने तर दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा खाली करून घेतली. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायचा, हे त्यांना अंगणात चार वेळा करून दाखविल्यावर हरकत उरली नाही. जड गिअरवर दात-ओठ खात चढ चढणाऱ्यांनाही हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवणे शिकवावे लागते. तेथे पौरुषाचा प्रश्न आड येतो, तो औषधाने सुटत नाही.

‘सायकल बंद करा’ हा सल्ला आम्हांस सर्वाधिक खटकतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी वाढली. आज चाळिशी-पन्नाशीतील माणसे २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करण्याची उमेद बाळगतात. स्थौल्य आणि प्रमेह यांसाठी आपण ज्यांना व्यायाम करा म्हणून सांगतो, तीच ही माणसे. त्यांचा चालू असलेला व्यायाम आपणच मोडून काढणे कोणत्या शास्त्रात बसते?

औषधी विक्रेत्यांनीही तेलाची बाटली देताना ‘सायकल चालवता का, सीट कधी पाहून घेतली होती का’ एवढे विचारावे. यामुळे खप घटेल ही भीती अनाठायी आहे. एकच तेल तिसऱ्यांदा नेऊनही ज्याला गुण येत नाही, तो तेलाला नावे ठेवतो, दुकानाला ठेवतो आणि अखेर आपल्या शास्त्राला ठेवतो. स्नेहन-स्वेदनाने जखडलेपणा हलका होतो, हे आम्ही नाकारीत नाही; हेतू चालू असता त्यावर सगळा भार टाकू नये, इतकेच.

मात्र प्रत्येक गुडघ्याला पाना लावायचा नाही. सूज, ज्वर, रात्री झोपमोड करणारी वेदना, पडल्यानंतरचा शूल, गुडघा मध्येच अडकणे वा लचकणे यांपैकी काही असल्यास सायकलीकडे न पाहता क्ष-किरण व अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. इतरांसाठी चिकित्सालयात एक पाना, एलन-की, मोजपट्टी आणि ओळंबा ठेवावा. चारही वस्तू मिळून महानारायण तेलाच्या काही बाटल्यांच्या किमतीत येतात.